बोटीवरून उतरल्यानंतर

१६९६ सालापासून इंग्लंडमधल्या प्रत्येक खलाशाच्या पगारातून दरमहा सहा पेन्स कापून घेतले जाऊ लागले. खलाशी राजाच्या आरमारात असो की एखाद्या व्यापाऱ्याच्या जहाजावर, कपात सारखीच होती. हा पैसा जाई लंडनजवळच्या ग्रिनिच हॉस्पिटलला. थेम्स नदीकाठची ही भव्य वास्तू जखमी, अपंग आणि वृद्ध खलाशांच्या आसऱ्यासाठी उभारली होती. पण तिथे जागा मिळे ती आरमारातल्या माणसांना. शत्रूशी झुंजताना जखमी झालेल्या मोजक्या व्यापारी खलाशांचा अपवाद सोडला, तर मालवाहू जहाजांवर आयुष्य घालवणाऱ्यांना त्या दारातून प्रवेश नव्हता. ही कपात १८३४ पर्यंत, म्हणजे तब्बल १३८ वर्षे चालू राहिली. मधल्या काळात, १७४७ मध्ये, व्यापारी खलाशांसाठी स्वतंत्र निधी निघाला आणि त्यासाठी आणखी सहा पेन्स कापले जाऊ लागले. त्या निधीचाही ताळमेळ बसेना. अखेर १८५१ मध्ये तो गुंडाळावा लागला.

फ्रान्सची वाट वेगळी होती. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६७३ मध्ये अपंग आणि थकलेल्या खलाशांसाठी निधीचा पाया घातला. पुढच्या शतकाच्या सुरुवातीला व्यापारी खलाशीही त्यात आले. त्यातूनच वाढलेली ‘एनिम’ ही सरकारी संस्था आजही फ्रेंच खलाशांचे औषधपाणी आणि पेन्शन सांभाळते. समुद्रावरचे काम शरीर लवकर झिजवते हे मान्य करून, तिथला खलाशी पन्नाशी-पंचावन्नच्या वयात पेन्शनला पात्र ठरतो.

पैसे दोन्ही देशांत कापले गेले. फरक पडला तो हक्क लिहून ठेवण्यात. खलाशी कोणाला म्हणायचे, त्याने काम केल्याचा पुरावा कोणता धरायचा आणि म्हातारपणी पैसा कोणी द्यायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे जिथे कायद्यात लिहिली गेली तिथे खलाशाची उतारवयात परवड झाली नाही. जिथे ती लिहिली गेली नाहीत तिथे भाषणे झाली, पदके वाटली गेली, स्मारके उभी राहिली आणि खलाशी वाट पाहत राहिले. निवृत्त व्यापारी खलाशांच्या सन्मानाचा आणि सवलतींचा सगळा इतिहास या तीन प्रश्नांभोवती फिरतो.

दर वेळी नवी नोकरी

हे प्रश्न खलाशाच्याच वाट्याला का आले, हे कळण्यासाठी त्याची नोकरी कशी असते ते पाहायला हवे.

कारखान्यातला कामगार किंवा कचेरीतला कारकून एकदा नोकरीला लागला की वर्षानुवर्षे त्याच हजेरीपटावर राहतो. बोटीवरचा माणूस दर सफरीला नवा करार करतो. या करारपत्राला ‘आर्टिकल्स’ म्हणतात. त्यावर सही झाली की तो ‘साइन ऑन’ होतो. सहा-आठ महिन्यांनी बोटीवरून उतरला की ‘साइन ऑफ’, आणि तिथे मालकाशी असलेले नाते संपते. पुढची बोट दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या झेंड्याखालची, तिसऱ्याच देशात नोंदलेली असू शकते. तीस-पस्तीस वर्षे समुद्रावर काढलेल्या माणसाने वीसेक बोटी आणि डझनभर मालक पाहिलेले असतात. शेवटच्या साइन ऑफनंतर त्याला निवृत्त करणारा आणि निरोपाचा हार घालणारा मालक बहुतेक वेळा नसतोच. पुढचे बोलावणे येत नाही, आणि आपण निवृत्त झालो हे त्याचे त्यालाच हळूहळू उमगते.

या सगळ्या तुकड्यांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे सीडीसी. कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट नावाची ही छोटी पुस्तिका. तिचे एखादे पान नीट पाहण्यासारखे असते. एका ओळीत बोटीचे नाव, तिचा नोंदणी क्रमांक आणि टनेज. शेजारी माणसाचा हुद्दा. मग बोटीवर चढल्याची तारीख आणि बंदर, उतरल्याची तारीख आणि बंदर. एका ओळीत मुंबईला चढून रॉटरडॅमला उतरलेला माणूस पुढच्या ओळीत सिंगापूरला चढलेला दिसतो. कडेला कॅप्टनची सही आणि बोटीचा शिक्का. जुन्या पुस्तिकांमध्ये कामातले कसब आणि वागणूक यांसाठीही रकाने असत, आणि त्यांत ‘व्हेरी गुड’ असा शिक्का पडला की पुढची बोट मिळणे सोपे जाई. पान संपले की दुसरे पान, पुस्तिका संपली की नवी पुस्तिका. माणसाची सगळी सेवा एवढ्याच कागदावर नोंदलेली असते.

म्हणूनच हा कागद हरवला, भिजला, वाळवीने खाल्ला किंवा घर बदलताना रद्दीत गेला, तर केवळ आठवणीची वस्तू जात नाही. पुढे एखादी योजना निघाली आणि सेवेचा पुरावा मागितला गेला, तर त्या माणसाकडे दाखवायला काहीच उरत नाही. अलीकडच्या काळात भारतीय खलाशांना ‘इंडॉस’ हा स्वतंत्र ओळखक्रमांक मिळू लागला आणि नोंदी संगणकावर आल्या. पण आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीची बहुतेक सेवा कागदावरच आहे.

युद्धात गेलेले, पण सैनिक नसलेले

व्यापारी खलाशांच्या सन्मानाचा प्रश्न जगभर ऐरणीवर आला तो दोन महायुद्धांमुळे. बंदुका, पेट्रोल, गहू, औषधे, सारे काही समुद्रातून न्यावे लागे आणि ते नेणाऱ्या बोटी जर्मन पाणबुड्यांचे पहिले लक्ष्य असत. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले, आणि त्याच संध्याकाळी ‘अथीनिया’ ही प्रवासी बोट टॉर्पेडोने बुडवली गेली. शंभराहून अधिक माणसे गेली. या दिवसाची आठवण म्हणून ब्रिटनमध्ये २००० सालापासून ३ सप्टेंबर हा ‘मर्चंट नेव्ही डे’ म्हणून पाळला जातो.

लंडनच्या टॉवर हिलवर ब्रिटिश व्यापारी खलाशांचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या सुमारे बारा हजार आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे चोवीस हजार माणसांची नावे तिथे कोरलेली आहेत. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही अशीच ही माणसे. पण जगून परतलेल्यांचे काय? युद्धाच्या सुरुवातीच्या काळात बोट बुडाली की त्या दिवसापासून खलाशाचा पगार थांबे, कारण बोट नाही तर करार नाही. हा अन्याय १९४१ मध्ये दूर झाला. रशियाला रसद पोहोचवण्यासाठी आर्क्टिक महासागरातून, बर्फाळ वादळांतून गेलेल्या ताफ्यांवरच्या माणसांसाठी ‘आर्क्टिक स्टार’ हे वेगळे पदक निघाले ते २०१३ मध्ये. तोवर युद्ध संपून जवळजवळ सात दशके लोटली होती. पेन्शनमध्येही हुद्द्यांची दरी होती. अधिकाऱ्यांसाठीचा पेन्शन निधी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच सुरू झाला होता. साध्या खलाशांचा निधी सुरू व्हायला १९७८ उजाडले.

अमेरिकेची कथा अधिक बोचरी आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या व्यापारी खलाशांपैकी साधारण सव्वीसात एक मरण पावला. हे प्रमाण भूदल, नौदल, मरीन्स यांपैकी कोणत्याही दलापेक्षा जास्त मानले जाते. जून १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांना शिक्षण, घरकर्ज आणि बेकारी भत्ता देणाऱ्या ‘जीआय बिल’ या कायद्यावर सही केली, तेव्हा व्यापारी खलाशांसाठीही असाच कायदा लवकर व्हावा अशी अपेक्षा त्यांनी बोलून दाखवली होती. पुढच्या वर्षी ते गेले आणि तो कायदा झाला नाही. खलाशांनी कोर्टात लढून ‘युद्धातील निवृत्त सैनिक’ हा दर्जा मिळवला तो १९८८ मध्ये. तेव्हा ते साठीच्या पुढे गेले होते. कॉलेजची फी किंवा पहिल्या घराचे कर्ज त्या वयात त्यांच्या काय उपयोगाचे? हाती लागले ते काही वैद्यकीय लाभ आणि मृत्यूनंतर शवपेटीवर अंथरायचा राष्ट्रध्वज. तेही सेवा सिद्ध करता आली तर. युद्धकाळातल्या बोटींच्या कितीतरी रोजनिशा १९७० च्या दशकात नष्ट करण्यात आल्या होत्या. अमेरिकी काँग्रेसने या खलाशांना सामूहिक सुवर्णपदक देण्याचा कायदा २०२० मध्ये केला, आणि पदकाचा सोहळा २०२२ मध्ये झाला. त्या दिवसापर्यंत हयात राहिलेल्यांनी नव्वदी ओलांडली होती.

कॅनडातल्या व्यापारी खलाशांना १९९२ मध्ये कायद्याने माजी सैनिकांचा दर्जा मिळाला. पण युद्धानंतरच्या काळात ज्या सोयींपासून ते वंचित राहिले त्यांची भरपाई द्यायला सरकार तयार नव्हते. १९९८ मध्ये काही वृद्ध खलाशी ओटावात संसद भवनासमोर उपोषणाला बसले. २००० मध्ये सरकारने त्यांच्यासाठी आणि त्यांच्या विधवांसाठी एकरकमी भरपाई मंजूर केली, आणि २००३ पासून कॅनडानेही ३ सप्टेंबर हा दिवस त्यांच्या नावे केला.

या तिन्ही देशांत एक गोष्ट समान आहे. कृतज्ञतेची कमतरता कुठेच नव्हती. युद्ध जिंकल्यावर सगळ्यांनीच खलाशांचे गोडवे गायले. अडले ते व्याख्येवर. गणवेश नाही, सैन्याची नेमणूक नाही, पगार खासगी कंपनीचा, मग हा सैनिक कसा? या एका प्रश्नाचे उत्तर द्यायला चाळीस-पन्नास वर्षे गेली, आणि तेवढ्यात ज्यांच्यासाठी उत्तर शोधायचे तेच निघून गेले.

सारंग, टिंडेल, आगवाला, भंडारी

ब्रिटिश बोटींवरच्या या इतिहासात आपल्या किनाऱ्याचा वाटा फार मोठा आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवर साधारण पन्नास हजार भारतीय खलाशी होते, म्हणजे चारांत एक. इंग्रज त्यांना ‘लस्कर’ म्हणत. मुंबईहून भरती होणाऱ्या डेकवरच्या माणसांत रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान आणि गुजरातचे दर्यावर्दी असत. इंजिनखोलीतल्या भट्ट्यांपुढे पंजाब आणि सरहद्द प्रांतातली माणसे असत. स्वयंपाकघर आणि प्रवाशांची सरबराई गोव्याच्या माणसांकडे. या बोटींची स्वतःची उतरंड होती. खलाशांचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल, चाक धरणारा सुकाणी, भट्टीत कोळसा घालणारा आगवाला, यंत्रांना तेल देणारा तेलवाला आणि खलाशांचे जेवण रांधणारा भंडारी.

दोन सफरींमधल्या काळात हे लोक मुंबईत राहत. गोवेकर तारवटींसाठी, म्हणजे बोटीवर जाणाऱ्यांसाठी, धोबी तलावाच्या आसपास गावोगावच्या कूड होत्या. एकेका गावाने मिळून भाड्याने घेतलेली ही सामायिक खोली. तिथे प्रत्येकाची पेटी, गावच्या संताची वेदी आणि पुढची बोट मिळेपर्यंत टेकायला जागा. म्हातारपणी गावाकडे जाण्याआधी कितीतरी तारवटी इथेच अडकून पडत, कारण शेवटच्या बोटीचा हिशोब मिळायचा असे.

पगाराच्या बाबतीत मात्र त्यांची गणना निराळी होती. लस्करांचा करारच वेगळा असे. त्याच बोटीवर, त्याच धोक्यात काम करणाऱ्या गोऱ्या खलाशाच्या तुलनेत त्यांना फारच कमी पैसे मिळत. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच भारतीय खलाशांनी ब्रिटनमधल्या बंदरांत संप केले. कित्येकांना तुरुंगात जावे लागले, पण पगार वाढले. १७ सप्टेंबर १९४० रोजी ‘सिटी ऑफ बनारस’ ही बोट अटलांटिकमध्ये बुडवली गेली. युद्धापासून दूर, कॅनडाला पाठवलेली इंग्रज मुले तिच्यावर होती. त्या मुलांच्या मृत्यूने इंग्लंड हेलावले, आणि ते साहजिकच होते. त्याच रात्री शंभराच्या आसपास भारतीय खलाशीही गेले. बारा नंबरची जीवनरक्षक नाव आठ दिवस समुद्रात भरकटत होती. तिच्यातून वाचलेल्या माणसांमध्ये तीसहून अधिक भारतीय होते. त्यांची आठवण इंग्लंडने किंवा भारताने फारशी ठेवली नाही.

त्यांची स्मारके आहेत, पण ती शोधावी लागतात. कोलकात्यात हुगळीकाठी लस्कर वॉर मेमोरियल आहे. बंगाल आणि आसाममधल्या ८९६ लस्करांच्या स्मरणार्थ ते १९२४ मध्ये उभारले गेले. मुंबईत मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या माणसांची स्मृती जपली आहे. पहिल्या महायुद्धातले दोन हजारांहून अधिक आणि दुसऱ्यातले सहा हजारांहून अधिक. मशीद बंदरच्या गजबजाटातून रोज लाखो माणसे जातात. या वास्तूत काय आहे हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. शाळेच्या सहली गेटवेला जातात, तशा इथेही यायला हव्यात. कोकणातल्या मुलांना आपल्या पणजोबांच्या पिढीचा इतिहास तिथे भेटेल.

भारतात काय आहे

५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही बोट ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेली होती. ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी मोडण्याच्या निर्धाराने निघालेल्या या सफरीची आठवण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. त्याआधीच्या आठवड्यात पंतप्रधानांच्या पोशाखावर व्यापारी नौदलाचा छोटा ध्वज लावला जातो. तांबड्या पार्श्वभूमीच्या कोपऱ्यात तिरंगा असलेला हा ध्वज भारतीय व्यापारी बोटींवर फडकतो. सागरी क्षेत्रात दीर्घ सेवा केलेल्यांना या निमित्ताने पुरस्कारही दिले जातात. २५ जून हा आंतरराष्ट्रीय खलाशी दिन २०११ पासून जगभर पाळला जातो.

सन्मानाची ही बाजू आहे. हक्काच्या बाजूला भारतातला पहिला मोठा टप्पा म्हणजे १९६६ चा सीमेन्स प्रॉव्हिडंट फंड कायदा. साध्या खलाशांसाठी, म्हणजे ज्यांना बोटीवर ‘क्रू’ म्हणतात त्यांच्यासाठी, मुंबईत स्वतंत्र भविष्यनिर्वाह निधी संघटना उभी राहिली. मालक बदलत राहिले तरी खात्यात पैसे साठत राहावेत, ही या कायद्यामागची दृष्टी होती, आणि ती अगदी योग्य होती. खलाशाच्या तुटक नोकरीला साजेसा हाच उपाय होता. खलाशांच्या कल्याणासाठी वेगळी कल्याण निधी संस्थाही आहे. ती अपंगत्व, मृत्यू, उतारवय अशा प्रसंगी मदत करते. नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया, अधिकाऱ्यांची मेरिटाइम युनियन ऑफ इंडिया आणि फॉरवर्ड सीमेन्स युनियन या संघटनांनी करार घडवून आणले, कज्जे लढवले, विधवांचे दावे मार्गी लावले.

पण भविष्यनिर्वाह निधी म्हणजे पेन्शन नव्हे. तो एकदा हाती येतो. मुलीचे लग्न, घराचे छप्पर, मुलाचे कॉलेज यांत तो कधी संपला ते कळत नाही, आणि मग पुढची वीस वर्षे उरतात. शिवाय आज आपले कितीतरी खलाशी परदेशी झेंड्यांच्या बोटींवर कंत्राटाने जातात. तिथला करार संपला की कंपनीची जबाबदारीही बहुतेक संपते.

आंतरराष्ट्रीय कायद्यातही ही फट आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००६ च्या सागरी कामगार कराराला भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्यता दिली. बोटीवरचे जेवण, झोपायची जागा, कामाचे तास, पगार आणि आजारपणातली सोय यांसाठी हा करार मोलाचा आहे. त्यात सामाजिक सुरक्षेच्या नऊ शाखा सांगितल्या आहेत आणि वृद्धापकाळाचा लाभ ही त्यांतली एक आहे. मात्र मान्यता देताना देशाने नऊपैकी किमान तीन शाखा द्याव्यात एवढेच बंधन आहे. कोणत्या तीन आधी घ्याव्यात याचे जे मार्गदर्शन आहे, त्यात वैद्यकीय सेवा, आजारपणाचा भत्ता आणि कामावरील दुखापतीची भरपाई आहे. वृद्धापकाळ त्या यादीत नाही. म्हणजे बोटीवर असेपर्यंत खलाशाची काळजी घ्यायची आणि उतरल्यावरचा प्रश्न ज्या त्या देशावर सोडायचा, अशी रचना झाली.

गोव्याने या प्रश्नाला सरळ हात घातला. निवृत्त खलाशी आणि खलाशांच्या विधवा यांच्यासाठी राज्य सरकारने दरमहा २,५०० रुपयांच्या सहाय्याची योजना आणली. ज्या गावांत जवळजवळ प्रत्येक घरातला एखादा माणूस बोटीवर राहिला आहे, त्या सासष्टी-बार्देशच्या गावांसाठी ही लहान गोष्ट नाही. योजना ठरावीक मुदतीची असे आणि मुदत वाढवत नेली जाई. ती कायमची करावी ही तारवटींच्या संघटनांची मागणी जुनी होती आणि रास्त होती. सत्तरी ओलांडलेल्या विधवेने दरवर्षी पुढचा हप्ता येईल की नाही या चिंतेत राहणे हा तिच्या घरातल्या माणसाच्या सेवेचा मान नव्हे. रक्कम किती हा पुढचा प्रश्न आहे. पण ‘खलाशी होता’ एवढ्या आधारावर राज्याने निवृत्ताला ओळखले, हे पाऊल महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रानेही ते अभ्यासायला हवे. रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर अशी घरे गावोगाव आहेत.

सवलत की देणे?

निवृत्त सैनिकाशी तुलना अटळ आहे. त्याला पेन्शन असते, २००३ पासून ईसीएचएस या योजनेतून उपचार मिळतात, कॅन्टीन असते, आणि अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाता येते. व्यापारी खलाशाला यातले काहीच नाही. दोघांची कामे एक नाहीत आणि सैनिकाच्या हक्कांना धक्का लावावा असेही कोणी म्हणत नाही. पण सैनिकासाठी जी यंत्रणा उभी राहिली तिच्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी आपल्या नावाची नोंद असलेली एक कचेरी. रत्नागिरीतल्या म्हाताऱ्या खलाशाला प्रत्येक कामासाठी मुंबईतल्या बॅलार्ड इस्टेटमधली कचेरी गाठावी लागली, तर कागदावरचा हक्क प्रवासखर्चातच विरतो.

सवलतींच्या यादीत पहिली जागा वैद्यकीय सोयीला द्यायला हवी, आणि त्यामागे ठोस कारण आहे. इंजिनखोलीतल्या आवाजात वर्षे घालवलेल्यांना ऐकू कमी येणे, जड दोरखंड आणि साखळ्या ओढून कंबर व गुडघे जाणे, हे नेहमीचे आजार. त्याहून गंभीर गोष्ट ॲस्बेस्टॉसची. जुन्या बोटींच्या वाफेच्या नळ्या, बॉयलर आणि भिंती ॲस्बेस्टॉसने मढवलेल्या असत. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोगासारखे आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी डोके वर काढतात. बोटींवर नव्याने ॲस्बेस्टॉस बसवण्यास सर्वत्र पूर्ण बंदी आली ती २०११ पासून. म्हणजे १९७० आणि ८० च्या दशकात इंजिनवर काम केलेल्या माणसाचा आजार त्याच्या निवृत्तीनंतर बाहेर येऊ शकतो, आणि तेव्हा जबाबदार धरायला कंपनीच उरलेली नसते. अशा आजाराचा खर्च देणे ही दया नाही, ते त्याच्या कामाचे थकलेले देणे आहे.

दुसरी जागा विधवांची. नवरा आठ-आठ महिने बोटीवर असताना शेत, मुले, सासू-सासरे, कर्ज सगळे एकटीने सांभाळणाऱ्या बाईने त्याच्या कामाचा अर्धा भार उचललेला असतो. गोव्याच्या योजनेत तिचे नाव आले हे योग्यच झाले. तिसरी जागा ओळखपत्राची. निवृत्त खलाशाला सरकारचे एक कायमचे ओळखपत्र मिळाले, त्यावर त्याची एकूण समुद्रसेवा नोंदलेली असली, तर जुन्या पुस्तिकांचे गाठोडे घेऊन त्याला फिरावे लागणार नाही. प्रवासातली सूट, बंदरातल्या संग्रहालयात मोफत प्रवेश, शाळेत व्याख्यानाला आमंत्रण, अशा लहान सवलतींना मग आपोआप आधार मिळतो. आज त्या कोणी देऊ म्हटले तरी त्या कोणाला द्यायच्या हेच ठरवता येत नाही.

घरच्यांनीही आज करण्यासारखे काही आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या सगळ्या जुन्या सीडीसी, जीर्ण झाल्या तरी, एकत्र ठेवाव्यात. प्रत्येक पानाचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा. भविष्यनिर्वाह निधीचा खातेक्रमांक, युनियनचे सभासदत्व, आर्टिकल्सच्या प्रती, पगाराच्या पावत्या यांची एक यादी करावी. बोटींची नावे आणि वर्षे त्यांच्याकडून विचारून लिहून घ्यावीत. सेवेचा दावा करायची वेळ आली तर ही यादी उपयोगी पडते, आणि नाही आली तरी घराच्या इतिहासातला एक मोठा भाग नोंदला जातो.

पुढच्या पिढीसाठी

हा प्रश्न केवळ जुन्या माणसांचा नाही. सरकारी आकडेवारीनुसार २०१४ मध्ये काम करणारे भारतीय खलाशी सुमारे १ लाख १७ हजार होते. दहाएक वर्षांत त्यांची संख्या २ लाख ८० हजारांच्या घरात गेली. भारत जगाला खलाशी पुरवणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक झाला, याचा आपण अभिमान बाळगतो, आणि तो बाळगावाच. पण आज बोटीवर चढलेली ही मुले २०५० च्या सुमारास उतरतील. त्यांच्यापैकी फार मोठा भाग परदेशी झेंड्यांखाली, तुकड्यातुकड्यांच्या कंत्राटांवर काम करतो आहे. तेव्हा त्यांना कोण ओळखणार, हे आत्ता ठरले नाही, तर तीस वर्षांनी पुन्हा समित्या नेमाव्या लागतील आणि पुन्हा कागद शोधत फिरावे लागेल.

२०२५ मध्ये संसदेने १९५८ च्या जुन्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे. कायदा नवा असतो तेव्हाच त्याखालचे नियम घडवण्याची खरी संधी असते. अमेरिका आणि कॅनडाने आपल्या खलाशांना ओळखायला अर्धशतक घेतले, कारण त्यांनी हा प्रश्न सेवा संपल्यावर विचारला. फ्रान्सने तो सेवा सुरू होतानाच विचारला आणि उत्तर लिहून ठेवले. आपल्याकडे प्रत्येक खलाशाचा क्रमांक आहे, प्रत्येक साइन ऑनची नोंद संगणकावर होऊ शकते आणि भरती परवानाधारक संस्थांमार्फत होते. बोट कोणत्याही झेंड्याची असो, त्या प्रत्येक करारातून खलाशाच्या कायमच्या पेन्शन खात्यात मालकाचा ठरावीक वाटा जमा व्हायलाच हवा, असा नियम करणे आज शक्य आहे. वृद्धापकाळाची तरतूद पहिल्या साइन ऑनच्या दिवशी सुरू झाली, तरच शेवटच्या साइन ऑफनंतर खलाशाला कोणाकडे काही मागावे लागणार नाही.